फौजी पेन्शनीवर आला, मिरवणूक झाली, पुढे काय?

रानवाट_खटाव
गेल्या महिन्यात आमच्या गावात एक हवालदार पेन्शनीवर आला. वेशीपासून उघडी जीप, हलगी, फेटा, नारळ. मीही मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं नोकरी करून 2016 ला असाच उतरलो. वय 37. सगळे 'मेजर' म्हणायचे, पण भावकीत बांधाचा वाद माझ्या मागे बराच पुढे गेलेला आणि तलाठ्याकडे काय मागायचं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पलटणीत अडलं की कुणाकडे जायचं ते ठरलेलं असतं. गावात ते कुणी सांगत नाही.
माझं म्हणणं एवढंच: ग्रामपंचायतीनं परतलेल्या फौजीला वर्षभर एक जुना माजी सैनिक जोडीला द्यावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नोंदणी, माजी सैनिकांच्या दवाखान्याचं ईसीएचएस कार्ड, सातबारा, सगळीकडे तो बरोबर जाईल. दहावी आणि पंधरा वर्षं सेवा असली की केंद्राच्या गट क मधल्या पदवीच्या काही जागांनाही अर्ज करता येतो, हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर दोन भरत्या गेल्या.

कोरडवाहू
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्हाला पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, दवाखाना आहे, राज्याच्या गट क आणि ड मध्ये 15 टक्के जागा आहेत. माझ्या वडिलांनी माण तालुक्यातल्या माळावर चाळीस वर्षं शेती केली, त्यांच्या नावावर कर्ज तेवढं आहे. पंचायतीनं आधी कुणाकडे बघायचं?

रानवाट_खटाव
पंचायतीचा एक रुपया मागत नाही मी. माणूस मागतोय, तोही आमच्यातलाच.

चाकण_नाइट_शिफ्ट
मी मेस्कोमार्फत, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी महामंडळामार्फत, सुरक्षारक्षक आहे. गेटवर उभं राहण्यात मला कमीपणा नाही, पोरीची फी त्यातूनच जाते. पण गावात जोडीदार देऊन काय होणार? काम इकडे आहे. माझ्याबरोबरचा ईएमईचा, म्हणजे फौजेतल्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेचा, मेकॅनिक रणगाड्याचं इंजिन उतरवायचा, आज गाड्यांचे नंबर लिहून घेतो. फौजेतलं कसब कारखान्यात कामाचं आहे हे मालकाला पटवून देणारं कुणीतरी हवं. ते पंचायतीला जमणार नाही.

माईघर
मी फौजीची बायको. पेरणी, पोरांची शाळा, सासूचं ऑपरेशन, सगळं मी निभावलं. हे आले आणि एका घरात दोन कारभारी झाले. पहाटे पाचला पोरांना उठवायचे, ताट वेळेवर नाही म्हणून चिडायचे. वाईट माणूस नाही हो, पण आपली इथं गरज काय हे त्यांना उमजेना. संध्याकाळी पारावर बसायला लागले, मग पिऊन यायला लागले. त्या सहा महिन्यांत मी कुणाकडे बोलायचं होतं? 'मेजरला नावं ठेवते' म्हणाले असते. जोडी द्यायची तर बाईलाही द्या, एखादी जुन्या फौजीची बायको.

रानवाट_खटाव
ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या घरीही हेच झालं असणार.

कोरडवाहू
ताईंचं पटलं. पेन्शनवाल्यांबद्दलचं मत मात्र तेच आहे. माझा पुतण्या अग्निवीर आहे. चार वर्षांनी सध्याच्या नियमानं शंभरातले फार तर 25 कायम होणार. बाकीच्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिक म्हणून नोंदही नाही. तुमच्या जोडीदाराच्या यादीत तो बसतो का?

रानवाट_खटाव
बसतो. तो परत येईल तेव्हा मला कळवा, जीपजवळ मीच उभा राहीन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी येईन.