पेड म्हणजे पाय की पोर?

मावशीबोली: भाचीच्या क्लासच्या नोट्समध्ये 'पेड = पाय' असं मूळ देऊन खाली पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर, ऑर्थोपेडिक, पेडियाट्रिशियन असे शब्द दिलेत. ती विचारतेय, बालरोगतज्ज्ञ पायाकडे कशाला बघेल? सर म्हणाले, पाठ कर. अशी मुळं घोकून इंग्रजी शब्द खरंच वाढतात का?

जुनंपान: सरांनी दोन घरं एक केलीत. लॅटिन 'पेस, पेदिस' म्हणजे पाय. ग्रीक 'पाइस, पाइदोस' म्हणजे मूल. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये मुलाच्या शब्दांत पी-ए-ई-डी येतं. अमेरिकनांनी मधला ए उडवला आणि दोन्ही सारखे दिसायला लागले. ऑर्थोपेडिकसुद्धा पोराचाच. १७४१ साली निकोला आँद्री या फ्रेंच डॉक्टरने मुलांच्या शरीरातले बाक सरळ करण्यावर पुस्तक लिहिताना हा शब्द घडवला. वाकडं झाड खुंटाला दोरीने बांधलंय, ते चित्र त्यातलंच. हाडांच्या डॉक्टरांच्या संस्था अजून मिरवतात.

गुडघेदुखी: आमच्या ऑर्थोकडे रांगेत सगळे सत्तरीपुढचे. शास्त्राद् रूढिर्बलीयसी! मुळं बघून अर्थ लावणं धोक्याचं. पेडिग्री घ्या, फ्रेंचमधला 'क्रौंचाचा पाय'. वंशावळीतल्या फाट्यांची खूण तशी दिसायची म्हणून. हे कोण ओळखणार?

सप्तांबर: लॅटिन सगळं संस्कृतातूनच गेलंय. सप्टेंबर म्हणजे सप्त + अंबर.

जुनंपान: अंबर कुठून आणलंत? रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून तो सातवा महिना. 'सेप्टेम' आणि 'सप्त' ही चुलत भावंडं. एकाने दुसऱ्याला जन्म दिलेला नाही.

सप्तांबर: आजोबा कोण, ते सांगा मग.

मावशीबोली: अहो, तिची परीक्षा रविवारी आहे…

अडीचघरं: बुद्धिबळातलं प्यादं आणि इंग्रजी पॉन, दोन्ही पायीच आलेत. पॉन लॅटिन पायातून, प्यादं फारसीतून, आणि दोघांचं नातं आपल्या 'पद'शी. भाचीला घोकंपट्टीपेक्षा हे सांगा. पाद, पाऊल, प्यादं ही तिच्या ओळखीची, त्यांच्या शेजारी पेडल आपोआप बसतं.

शुद्धमती: 'पदाती' असताना प्यादं कशाला? फारसी वगळून बोलता येत नाही का?

अडीचघरं: इंग्रजी तरी कुठे सोवळी आहे? टेलिव्हिजनचं 'टेले' ग्रीक, 'व्हिजन' लॅटिन.

शुद्धमती: म्हणूनच आपला 'दूरदर्शन' सरस. दोन्ही पदं संस्कृत.

गुडघेदुखी: आणि 'जिल्हाधिकारी'? अरबी जिल्ह्याला संस्कृत अधिकारी, शिवाय राजरोस संधी करून!

शुद्धमती: तो सरकारी शब्द. घरात आम्ही कलेक्टरच म्हणतो.

जुनंपान: लॅटिन.