पाळत होती हे सिद्ध कसं करायचं?

अमेरिकेत सरकार पाळत ठेवतंय असं वाटलं तर सरळ कोर्टात जा, हा मुद्दा ऐकायला बरोबर आहे पण अडचण दारातच आहे हो. तुमच्यावर पाळत होती हे आधी तुम्हीच दाखवायचं, आणि ती यादी तर सीक्रेट! २०१३ च्या फेब्रुवारीत क्लॅपर विरुद्ध अ‍ॅम्नेस्टी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ५-४ ने वकील, पत्रकार सगळ्यांना परत पाठवलं, तुमची भीती नुसता अंदाज आहे म्हणून, म्हणजे पाळतीचा कायदा घटनेत बसतो का ते तपासलंच नाही. जूनमध्ये सरकारी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या स्नोडेनने फोडलेली कागदपत्रं आली, व्हेरायझन या फोन कंपनीचे कॉल रेकॉर्ड सरकार सरसकट घेतायत हे छापून आलं, एसीएलयू ही नागरी हक्कांची संघटना स्वतःच त्या कंपनीची ग्राहक निघाली, म्हणजे पाळत दाखवता आली, मग कुठे २०१५ ला अपील कोर्ट म्हणालं की हे कायद्यात बसत नाही. कागद फुटले नसते तर?

आणि गुप्ततेचं म्हणाल तर १९५३ ची रेनॉल्ड्स केस बघा. १९४८ मध्ये जॉर्जियात बी-२९ विमान पडलं, मेलेल्या सिव्हिलियन्सच्या विधवांनी अपघाताचा रिपोर्ट मागितला, सरकार म्हणालं सुरक्षेचा प्रश्न आहे आणि सुप्रीम कोर्टाने तो रिपोर्ट न बघताच मान्य केलं. कितीतरी वर्षांनी तो खुला झाला तेव्हा कळलं, इंजिनाला आग लागू नये म्हणून सांगितलेले बदलच विमानात केले नव्हते. या बायकांचं काय चुकलं होतं? निदान न्यायाधीशाने बंद खोलीत कागद स्वतः वाचलाच पाहिजे, एवढी सक्ती तरी हवीच.