टँपा बे: हरिकेनच्या मोसमात छोटी बोट पाण्याबाहेर केव्हा काढावी? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही फ्लोरिडात टँपा बेच्या काठी राहतो. गेल्या मार्चमध्ये आम्ही 21 फुटांची, एका आउटबोर्ड इंजिनाची जुनी बोट घेतली असून ती मरीनात (बोटी ठेवण्याच्या तळावर) पाण्यातच बांधलेली असते. ट्रेलर मात्र घराच्या आवारात आहे. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन एग्मॉन्ट की बेटापर्यंत जाऊन येणे, एवढाच आमचा नौकाविहार.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवतो हे लहानपणापासून मनात बसलेले आहे. इथला मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा असला, तरी तो भरात येतो 10 सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे कोकणात होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या गेल्यानंतरच्या दिवसांत. त्यामुळे माझा अंदाज उलटाच पडतो.

नॅशनल हरिकेन सेंटरच्या नकाशात वादळाचा अंदाजित मार्ग दाखवणाऱ्या शंकूबाहेर आपण असलो की निर्धास्त राहावे, असे मी धरून चाललो होतो. परंतु 2024 च्या सप्टेंबरात हेलीन हरिकेनचे केंद्र किनाऱ्यापासून बरेच दूर, मेक्सिकोच्या आखातातून उत्तरेकडे गेले, तरीही टँपा बेमध्ये विक्रमी उधाण आले आणि आमच्या गल्लीतल्या दोन बोटी त्या उचलून ठेवायच्या लिफ्टवरून तरंगत रस्त्यावर आल्या. पुढे दोनच आठवड्यांत मिल्टन हे दुसरे हरिकेन दक्षिणेला, सिएस्टा कीजवळ, धडकले तेव्हा इथले पाणी उलट ओसरून गेले.

हरिकेनचा 'वॉच', म्हणजे ते येण्याची शक्यता असल्याचा इशारा, साधारण 48 तास आधी जाहीर होतो. ट्रेलर आणून बोट काढायला तेवढा वेळ पुरतो का? आणि वादळ दूर असून इथे आकाश निरभ्र असेल, तर एग्मॉन्टला जायला हरकत आहे का?

प्रतिसाद:

शंकू केवळ केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो. वारा, पाऊस आणि उधाण त्याच्या बाहेरही पोहोचतात. 'वॉच'ची वाट पाहू नका, कारण तोपर्यंत बोटी पाण्याबाहेर काढायच्या रॅम्पवर (उतारावर) रांगा लागलेल्या असतात. वादळ आखातात शिरण्याचा अंदाज दिसला की मी त्याच दिवशी बोट काढतो. गेल्या काही वर्षांत तीनदा ती उगाच काढली गेली, पण त्यात एक दुपार आणि थोडे पेट्रोल एवढेच खर्ची पडले. काढल्यावर ट्रेलर उंच जागी ठेवा, टायरमधली हवा कमी करा, चाकांना ओंडके लावा, बोट पट्ट्यांनी जमिनीला बांधा आणि बॅटरी काढून घरात न्या.

निरभ्र आकाशावर तर मुळीच विसंबू नका. दूरच्या वादळाची लांब लाट एग्मॉन्टजवळच्या खाडीमुखात ओहोटीच्या प्रवाहाला भिडली की लाटा एकाएकी उंच आणि उभ्या होतात, आणि 21 फुटांची बोट त्यात वळवणेही कठीण होते. अशा शनिवारी मी मुलांना मॅनाटी नदीत नेतो आणि दुपारच्या गडगडाटी ढगांपूर्वी परततो. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा संपर्क-रेडिओ) नसेल तर आधी तो घ्या. त्यावर हवामानाचे स्वतंत्र चॅनल असतात आणि संकटाच्या हाकेसाठी चॅनल 16.