उत्तर: शुगर फक्त ताटातून येत नाही

वर एकांनी लिहिलंय की नागपूरकरांची शुगर म्हणजे तर्री-पोहे आणि संत्रा बर्फीची करणी. अर्धं मान्य. पण नागपूरच्या महाल भागातले माझे काका अंगाने काडी, रोज सायकलने इतवारीत दुकानावर जायचे, पोहे चमचाभर. तरी चाळिशीत डायबिटीस. आजी सांगायची, "सातव्यातच आला हा, कापसात गुंडाळून वाढवला." या दोन गोष्टी तेव्हा कोणी जोडल्याच नाहीत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीनच्या घरात. गंमत अशी, की तूट पडली ती स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत. कातडीखालची चरबी मात्र बरीचशी शाबूत! म्हणजे दिसायला लुकडं, आतून चरबीवालं. पोटात असताना अन्न कमी पडलं की शरीर आधी मेंदूचं भागवतं, स्वादुपिंडाला, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या ग्रंथीला, उरलंसुरलं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या उपासमारीत जे गर्भात होते, त्यांच्यातही पन्नाशीला साखरेचा त्रास जास्त दिसला.

आता "बाळ बारीक आहे, तूप चारा" या सल्ल्याबद्दल. जपून हो! कमी वजनाचं मूल पुढे बालपणात झपाट्याने गुबगुबीत झालं, तर धोका उलट वाढतो. आमच्याकडे आज्या ऐकत नाहीत, ते वेगळं.

ज्यांनी धागा काढला त्या ताईंनी स्वतःचं बी-१२ जीवनसत्त्व तपासलंय का? शाकाहारी घर आहे म्हणाल्या, आणि बी-१२ मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळतं; आईलाच ते कमी असलं तर पोटातल्या बाळालाही कमी पडू शकतं, म्हणून विचारतो.