व्हिएतनाम : हवाई दलाचे हात खरंच बांधलेले होते का?

गंगथडी
सह्यकडा यांनी लिहिलंय की अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सनने हवाई दलाचे हात बांधले नसते तर हनोई, म्हणजे उत्तर व्हिएतनाम, १९६५ मध्येच शरण आलं असतं, आणि डिसेंबर १९७२ च्या बाँबफेकीने ते सिद्ध झालं. हे इतक्यांदा वाचलंय की आता गप्प बसवत नाही. पॅरिसच्या शांतता कराराचा मसुदा ऑक्टोबर १९७२ मध्येच जवळपास ठरला होता. अडून बसले ते सायगावचे, म्हणजे दक्षिण व्हिएतनामचे, अध्यक्ष थिऊ. मग अमेरिकेने १८ ते २९ डिसेंबर हनोई-हायफाँगवर बी-५२ ही अवजड बाँबफेकी विमानं सोडली. पंधरा बी-५२ गमावली, हनोईतली खाम थिएनची वस्ती जमीनदोस्त झाली, आणि २७ जानेवारीला सह्या झाल्या त्या थोड्याफार फरकाने त्याच मसुद्यावर! उत्तरेचं सैन्य दक्षिणेत होतं तिथेच राहिलं. याला जिंकणं म्हणायचं?

आणि सगळे उत्तरेबद्दलच का बोलता? सर्वाधिक बाँब पडले ते दक्षिणेत, ज्यांना वाचवायला गेले त्यांच्याच शेतांवर. तिथे हात कुणी बांधले होते?

सह्यकडा
अर्धंच सांगताय. डिसेंबरमध्ये हनोईनेही बोलणी ताणून धरली होती. आणि ‘रोलिंग थंडर’मध्ये, जॉन्सनच्या काळातल्या उत्तरेवरच्या बाँबफेकीच्या मोहिमेत, काय चाललं होतं? लक्ष्यं ठरायची व्हाइट हाउसमध्ये, मंगळवारच्या जेवणावर. क्षेपणास्त्रांचे तळ उभे राहताना वैमानिकांना वरून दिसत होते, पण हल्ल्याची परवानगी नाही. उत्तरेच्या मिग लढाऊ विमानांच्या धावपट्ट्यांना एप्रिल १९६७ पर्यंत हात लावायचा नाही. आमच्या चर्चेतली एफ-१०५ ही अमेरिकी लढाऊ विमानं एकूण ८३३ बनली, त्यातली जवळजवळ निम्मी या युद्धात गेली. त्या पोरांच्या जिवाची किंमत तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

ओझरकर
परवानगीचं सोडा, विमानच अर्धवट होतं. सुरुवातीच्या फँटमला, म्हणजे अमेरिकेच्या एफ-४ ला, गनच नव्हती! म्हणे क्षेपणास्त्रांचं युग आलं. त्याचं स्पॅरो क्षेपणास्त्र दहात एखादं लागायचं. आपल्याकडेही तेच झालं. माझे वडील ओझरला मिगच्या कारखान्यात होते. मिग-२१ एफएललाही आतून गन नव्हती. मग पोटाखालच्या जादा टाकीच्या जागी गन पॉड बसवला, म्हणजे गन हवी तर तेवढं इंधन सोडायचं. पण १९७१ मध्ये जामनगरजवळ पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं ते त्याच गनने. वडील सांगायचे, त्या बातमीनंतर शॉपमध्ये पेढे वाटले होते.

वाटसरू
गनचं कौतुक पुरे. अमेरिकी नौदलाच्या फँटमला शेवटपर्यंत आतून गन नव्हती. १९६९ मध्ये त्यांनी मिरामारला हवाई लढतीचं स्कूल काढलं आणि १९७२ मध्ये, गमावलेल्या विमानांमागे पाडलेल्या मिगच्या प्रमाणात, हवाई दलाला मागे टाकलं. हवाई दलाकडे तोवर गनवालं एफ-४ई आलेलं होतं. फरक शिकवणीचा होता.

ओझरकर
मग एफ-४ई काढलंच कशाला? वैमानिकांनी मागितलं म्हणूनच ना? ज्यांनी आयुष्य हँगरमध्ये घालवलं त्यांना पुस्तकं वाचून शिकवू नका.

वाटसरू
वडिलांचा मान आहेच, पण त्याने १९७२ चे आकडे बदलत नाहीत. शिकवणी चांगली असून वर गनही असती तर आणखी बरं, एवढं देतो. पुढे नाही.

रानवाटा
गन, स्कूल, मंगळवारचं जेवण! लाओसचं नाव कुणी काढेल म्हणून वाट पाहत होते. १९६४ ते १९७३, वीस लाख टनांहून जास्त बाँब, त्या देशाशी युद्ध जाहीर न करता. कामानिमित्त तिथल्या फोन्सावानला गेले होते. धान्याच्या कोठाराचे खांब क्लस्टर बाँबच्या कवचांचे, त्याच कवचात कांद्याची पात लावलेली. आतले ‘बॉम्बी’ टेनिसच्या चेंडूएवढे. नांगर लागला, पोराने उचलला की फुटतात, आजही. घरमालकिणीचा भाऊ शेतात चूल पेटवताना गेला, खाली जमिनीत बॉम्बी होता. तिला सांगा, हवाई दलाचे हात बांधले होते म्हणून.

सह्यकडा
लाओसचं समर्थन मी करत नाही, करणारही नाही. पण सगळंच व्यर्थ होतं म्हणाल तर नाही ऐकणार. १९७२ मध्ये दक्षिणेतल्या अन लॉक शहराला वेढा पडला तेव्हा बी-५२ नसती तर शहर गेलं असतं. खे सानच्या अमेरिकी तळावरही वेढ्यातल्या मरीन्सना रसद हवाई दलानेच पोचवली.

गंगथडी
अन लॉक मान्य, नाइलाजाने. पण मार्च १९७५ मध्ये आभाळात बी-५२ नव्हती, तेव्हा उत्तरेचे रणगाडे दोन महिन्यांच्या आत सायगावात होते. अमेरिकी विमानांशिवाय लढताच येऊ नये असं सैन्य दक्षिणेत कुणी घडवलं, ते सांगा. जॉन्सनच्या जेवणाचं नंतर बघू.