इंटर्नना शिकवण्यासाठी 'पेशंट' तयार करतेय, स्क्रिप्टबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. मी सोलापुरात मेडिसिन शिकवते. कॅज्युअल्टीतली एक आजी माझ्या डोक्यातून जात नाही. साठीची, विड्या वळणारी, मधुमेह जुना. "पोटात वर जळजळायलंय बगा, कसंतर व्हायलंय," एवढंच म्हणत होती. इंटर्नने पित्ताचं इंजेक्शन देऊन बाकावर बसवलं. ईसीजी निघाला पाऊण तासाने. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका होता. आजी वाचली. नंतर त्या इंटर्नला विचारलं, तर मधुमेहींना छातीत न दुखताही झटका येतो, हे त्याने घडाघडा सांगितलं. माहिती होती, पण समोरच्या आजीशी जुळली नाही. हे जुळवणं लेक्चरने येत नाही.

म्हणून हौशी नाटकात काम करणाऱ्या दोन मावशींना पेशंट म्हणून तयार करतेय. कल्पना जुनी आहे. लॉस एंजेलिसमध्ये डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली चित्रकारांची मॉडेल असलेल्या एका बाईला मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराची पेशंट बनवलं होतं. विद्यार्थ्याने आपल्याला कसं तपासलं, हेही ती सांगायची.

आमचे दोन्ही सराव फसले. पहिल्यांदा मावशींनी आल्याआल्याच छाती धरली. पोरांनी लगेच ओळखलं. दुसऱ्यांदा बजावलं, विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. मग पोरांनी पाठ असलेली यादी म्हटली. मधुमेह, बीपी, तंबाखू सगळं विचारलं, सगळं लिहून घेतलं, आणि निदान? पित्त!

तर किती आपणहून सांगायचं, किती राखून ठेवायचं? दुसरं, मावशींना तेलुगू छान येतं. आमच्याकडे अशा कित्येक आज्या घरी तेलुगूच बोलतात आणि सून मध्ये बोलते. "काल शेंगाचटणी जास्त झाली, पित्तच आहे," असं ठामपणे सांगणारी सून ठेवू का, की नवख्यांना फार गोंधळ होईल?

प्रतिसाद (मिरज)

सून जरूर ठेवा, खऱ्या कॅज्युअल्टीत ती असतेच. फक्त पहिल्या फेरीत नको.

स्क्रिप्टचे तीन थर करा. आजी आपणहून म्हणेल ते एकच वाक्य. "अजून काय होतंय?" असं मोकळं विचारलं तर घाम आणि मळमळ. जिना चढताना गेले आठ दिवस हेच होतंय आणि बसलं की थांबतंय, हे मात्र नेमकं विचारलं तरच. नाडी-बीपीचे आकडे चिठ्ठीवर द्या, तेही तपासायला हात लावल्यावर.

पण खरं शिकवणं मध्येच थांबवण्यात आहे. चार मिनिटांनी "थांबा" म्हणा. मावशी गप्प. इंटर्नने एका वाक्यात केस सांगायची: कोण, कधीपासून, काय. मग, यातलं चुकवून चालणार नाही असं काय आहे? पुढचा प्रश्न कोणता, आणि कोणतं उत्तर आलं तर तुझं मत बदलेल? यादी पाठ करणारा इथेच अडतो, कारण प्रश्न कशासाठी विचारला हे त्याला सांगता येत नाही.

मूळ लेखिका

हे थांबवणं मला सुचलंच नव्हतं. पण पोरं दोनदा खेळली की "जळजळ म्हणजे झटका" एवढंच धरून बसतील ना?

प्रतिसाद (मिरज)

म्हणूनच तुमच्या दोन मावशी कामाला येतील. दोघींचं पहिलं वाक्य अगदी एकच. दुसरीला खरोखर पित्ताशयात खडा: तेलकट खाल्ल्यावर दुखतं, उजव्या खांद्याकडे कळ जाते, चालण्याशी संबंध नाही. ईसीजी दोघींचा काढायचाच, आल्यापासून दहा मिनिटांच्या आत. दोघी एकाच दिवशी पाठोपाठ ठेवा. आणि खेळ संपला की मावशींना पाणी द्या, भूमिकेतून बाहेर येऊ द्या, मगच "तुम्हाला कधी वाटलं की हा माझं ऐकत नाहीये?" हे पोरांसमोर विचारा.

मूळ लेखिका

बुधवारी दोघींना बोलावलंय. खड्याची स्क्रिप्ट आज रात्री लिहिते आणि इथे टाकते. तिचे थर बरोबर पडलेत का, तेवढं बघाल का?