मदत हवी आहे: ऑईल फिल्टर जागचा हलत नाही, ऑईल काढून झालंय (तातडीचं)

ऐरोलीकर | रविवार, दु. ३:५०
घरी ऑईल बदलतोय. जुनं ऑईल काढलं, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा) बोल्ट परत लावला. फिल्टर मात्र सुटत नाही. हात नीट पोचतच नाही, बोटांची टोकं कशीबशी टेकतात. कप पाना (डब्याच्या बुडावर टोपीसारखा बसणारा) आणलाय, तो लावून फिरवला की सटकतो. उद्या पहाटे आईला घेऊन चिपळूणला निघायचंय, आज रविवार, ओळखीचं गॅरेज बंद. कृपया नुसतं "गॅरेजला द्या" लिहू नका. फिल्टर कसा काढायचा तेवढं सांगा.

वर्तकनगर_ठाणे | ३:५८
कोणती गाडी? पेट्रोल की डिझेल? काही गाड्यांना पत्र्याचा डबा आट्यांवर फिरवून बसवलेला असतो, काहींना प्लॅस्टिकच्या झाकणाआड नुसता कागदी फिल्टर असतो. दोन्ही काढायची पद्धत वेगळी.

स्पॅनर | ४:०२
एवढं कशाला विचारायचं? लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, हातोडीने फिल्टरच्या आरपार ठोका आणि दांड्यासारखा धरून फिरवा. ट्रकलाईनला सगळे असंच करतात. दोन मिनिटांचं काम आहे.

मृणाल_नेरुळ | ४:०५
ऐरोलीकर, कृपया आत्ता स्क्रूड्रायव्हर ठोकू नका. स्पॅनर, त्यांची गाडी कोणती हेच अजून माहीत नाही. जिथे बोटं पोचत नाहीत तिथे हातोडी फिरवणार कुठून?

ऐरोलीकर | ४:०९
पत्र्याचाच डबा आहे. पेट्रोल.

वर्तकनगर_ठाणे | ४:१०
गाडी?

ऐरोलीकर | ४:१४
होंडा सिटी, २००२. १.५. बाबांची गाडी, पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून, पर्यावरण कर भरून ठेवली आहे. फिल्टर इंजिनच्या मागच्या अंगाला आहे. वरून बघितलं तर दिसतसुद्धा नाही.

वर्तकनगर_ठाणे | ४:२१
आता कळलं. या इंजिनाचा सायलेन्सरकडचा पाईप पुढे, रेडिएटरच्या बाजूला आहे आणि इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा भाग, मागे. फिल्टर त्या इनटेकच्या खाली, केबिनच्या पत्र्याकडे तोंड करून बसलेला असतो. त्यामुळे वरून हात घालण्यात वेळ घालवू नका. खालून, एक्सलच्या वरच्या फटीतून जायचं. पुढची चाकं पूर्ण एका बाजूला वळवली तर कमानीतूनही जागा मिळते, चाक काढलं तर आणखी.

दुसरं, दिशा तपासा. फिल्टरच्या बुडाकडे तोंड करून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरवायचं. बोनेटवरून वाकून हात मागे घातला की तुम्ही फिल्टरला पाठीमागून धरता, तेव्हा हीच दिशा उलटी भासते. नवा फिल्टर हातात त्याच कोनात धरा आणि एकदा फिरवून बघा.

तिसरं, फिल्टरच्या शेजारीच ऑईल प्रेशरचा स्विच आहे, एक वायर लावलेली. पाना त्याच्यावर आपटला तर नवं दुखणं.

दिघा_फाटा | ४:२५
गाडी कशावर उचलली आहे ते कुणी विचारलं का? ऐरोलीकर, नुसत्या जॅकवर असेल तर आत्ताच्या आत्ता बाहेर या. फिल्टरला जोर लावताना गाडी हलते. चेंबरचा बोल्ट सोडताना लागतो त्यापेक्षा हा जोर आडवा असतो, तेच धोक्याचं. घोड्या (जॅकस्टँड) हव्यातच. विटांचा ठोकळा चालत नाही, वीट सूचना न देता फुटते.

ऐरोलीकर | ४:३०
घोड्यांवर आहे, मागच्या चाकांना लाकडं लावली आहेत, हँडब्रेक ओढलाय. स्टिल्ट पार्किंग सपाट आहे. आता फिल्टरचं बोला.

कोपरखैरणे_से११ | ४:३३
चिपळूणला निघताय तर एक सांगतो. पनवेल, वडखळने जाऊ नका. एक्सप्रेसवेने खोपोलीला उतरा आणि पालीवरून वाकणला महामार्गाला लागा. आई सोबत आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय, धक्के कमी बसतात.

मृणाल_नेरुळ | ४:४०
कप पाना का सटकतो त्यावर. जुना फिल्टर आणि नवा फिल्टर एकाच कंपनीचे आहेत का? डब्याच्या बुडाला ज्या कडा असतात त्यांची संख्या आणि डब्याचा व्यास कंपनीगणिक बदलतो. दुकानदार नव्या फिल्टरवर कप बसवून दाखवतो, आपण खूश होऊन घरी येतो आणि गाडीवर बसलेला डबा निघतो भलत्याच मापाचा.

ऐरोलीकर | ४:४६
नवा होंडाचा आहे. जुना गॅरेजवाल्याने गेल्या दिवाळीआधी टाकलेला, कुठला ते माहीत नाही. मोबाईल खाली धरून फोटो काढला, रंग वेगळा आहे. म्हणजे कप नव्याच्या मापाचा आहे. मग आता काय?

स्पॅनर | ४:४९
मी पहिल्यांदाच सांगितलं ते करा. डबा तसाही फेकायचाच आहे, त्याला जपायचं कशासाठी?

मृणाल_नेरुळ | ४:५८
डब्याला जपायचं नाहीच. जपायची आहे ती उद्याची गाडी. डब्याचा पत्रा पातळ असतो. डबा आणि इंजिन यांच्यामधलं रबरी पॅकिंग चिकटलेलं असेल तर स्क्रूड्रायव्हर पत्रा फाडत जातो आणि आट्यांची जाड चकती इंजिनाला तशीच राहते. मग धरायला डबाच उरत नाही, छिन्नीने चकतीची कड ठोकत बसावं लागतं, तेही शेजारी तो स्विच असताना. आणि भोक पडलेल्या फिल्टरवर इंजिन सुरू करता येत नाही, म्हणजे गॅरेजला न्यायची तरी टो करून. फिल्टर समोर असेल, जागा असेल, दुसरे उपाय संपले असतील तर ठोका. इथे तिन्ही नाही.

स्पॅनर | ५:०३
बुडाकडे ठोकलं की फाटतो, इंजिनाच्या बाजूला चकतीजवळ ठोकलं की फाटत नाही. मी स्वतः कितीतरी काढलेत. पण हे मान्य की सिटीच्या मागे दांडा फिरवायला जागा नाही.

वर्तकनगर_ठाणे | ५:०७
तीन पंजांचा पाना मिळवा. त्याला माप लागत नाही. पंजे डब्याभोवती बसतात, मागे रॅचेट (एकाच दिशेने जोर देणारा दांडा) लागतो, जितकं फिरवाल तितके पंजे आवळतात. लांब एक्स्टेंशन आणि वाकणारा जॉइंट लावला की हात फिल्टरपर्यंत न्यायची गरजच नाही, रॅचेट मोकळ्या जागेत फिरतो. पट्ट्याचा पाना या जागी उपयोगाचा नाही, त्याच्या दांड्याला वळायला जागा लागते. चेन पान्याचंही तेच. मी मुंबईत अवजारांच्या बाजारातून, नागदेवी स्ट्रीटवरून आणला होता, पण रविवारी तिकडे जाण्यात अर्थ नाही.

जुनी_गाडी_प्रेमी | ५:१२
ऑईल कुठलं टाकताय? एवढ्या जुन्या इंजिनाला २०डब्ल्यू-५० टाका. पातळ ऑईल पिऊन टाकतं इंजिन.

दिघा_फाटा | ५:१५
पुस्तकात लिहिलेलं टाका. आणि डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत सुरू करतानाचा, आपल्याकडे त्याने फारसा फरक पडत नाही. इंजिन तापल्यावरचा जाडपणा नंतरच्या आकड्यावर. ऑईल पीत नसेल तर ५० कशाला?

जुनी_गाडी_प्रेमी | ५:१८
घाट चढायचाय त्यांना. घाटात इंजिन किती तापतं माहीत आहे ना?

दिघा_फाटा | ५:१९
ऑईलचा वेगळा धागा काढा, तिथे बोलू. इथे माणूस गाडीखाली आहे.

राबाळे_एमआयडीसी | ५:२४
पाना मिळेपर्यंत हे करून बघा. फडक्याला थोडं पेट्रोल लावून डबा पुसा, तेलाचा थर गेला पाहिजे. मग खरखरीत पॉलिश पेपर, खरखरीत बाजू डब्याला टेकेल असा गुंडाळा आणि त्यावरून हाताने फिरवा. रबरी हातमोजा घाला. पुष्कळदा पान्याशिवाय सुटतो. पेट्रोल नको वाटलं तर भांडी घासायचा साबण चालतो, फक्त कोरडं करा. आणि इंजिन पूर्ण थंड झालंय का? कोमट असताना पॅकिंग जरा सैल पडतं.

ऐरोलीकर | ५:५५
पॉलिश पेपर केला. डबा पुसला तेव्हा पकड आली, पण मनगट वळायला जागा नाही. हलला नाही. इंजिन थंड आहे आणि ऑईल नाही, तर तापवू कसं?

राबाळे_एमआयडीसी | ५:५८
ऑईलशिवाय अजिबात सुरू करू नका, एक मिनिटही नाही. पंजाचा पाना माझ्याकडे आहे, एक्स्टेंशनसकट. मी घणसोलीला राहतो. व्यक्तिगत निरोपात नंबर देतो, येऊन घेऊन जा. उद्या परत दिलात तरी चालेल.

मृणाल_नेरुळ | ६:०४
हे झालं तर उत्तमच. पण पाना लावूनही सुटला नाही, तर आठ वाजता थांबा. जुना फिल्टर न फाटता जागेवर असेल तर तसाच राहू द्या, नवं ऑईल भरा, चिपळूणला जाऊन या, मग बदला. आत पाव लिटरभर जुनं ऑईल राहील, ते नव्यात मिसळेल, एवढंच. दिवाळीपासूनचा फिल्टर एका फेरीने दगा देत नाही.

जुनी_गाडी_प्रेमी | ६:०८
नव्या ऑईलला जुना फिल्टर? अंघोळ करून कालचे कपडे घालण्यासारखं आहे हे. माझ्या गाडीत मी कधीच करणार नाही.

मृणाल_नेरुळ | ६:१२
तुमच्या गाडीला उद्या सकाळी निघायचं नाही. चेपलेला, भोक पडलेला फिल्टर घेऊन निघण्यापेक्षा मळलेला पण धड फिल्टर केव्हाही बरा. अगदी चोंदला तरी त्यात बायपास व्हॉल्व्ह असतो, इंजिनाला ऑईल मिळत राहतं.

वर्तकनगर_ठाणे | ६:२०
ऐरोलीकर, पाना आणायला गेलात असं धरून पुढचं लिहून ठेवतो, आल्यावर वाचा. फिल्टर निघाला की त्याच्या तोंडावर काळं रबरी पॅकिंग आहे का ते आधी बघा. नसेल तर ते इंजिनाला चिकटून राहिलंय. तुमच्याकडे तीच शक्यता जास्त, कारण एवढा घट्ट फिल्टर म्हणजे कोरडं पॅकिंग लावून पान्याने आवळलेला असणार. जुन्या पॅकिंगवर नवा फिल्टर बसवला तर सुरुवातीला ठीक वाटतं, पण दोन पॅकिंग एकमेकांवर टिकत नाहीत आणि सगळं ऑईल रस्त्यावर येतं. दिसत नसेल तर बोट फिरवून बघा.

नव्याच्या पॅकिंगला नवं ऑईल बोटाने लावा. हाताने फिरवत न्या, पॅकिंग टेकल्यावर पाऊण फेरा आणखी. पाना नको. डबा आडवा बसतो, म्हणून आधी ऑईल भरायच्या फंदात पडू नका, सांडेल. चेंबरच्या बोल्टचा वॉशर नवा टाकला का?

मुंब्रा_बायपास | ६:३१
जुनं ऑईल कशात काढलंत आणि टाकणार कुठे? सोसायटीच्या गटारात कृपया ओतू नका. ऐरोलीची गटारं खाडीलाच मिळतात. त्याच खाडीकाठी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून ठाणे खाडी रामसर यादीत आहे. कॅनमध्ये भरून, झाकण लावून गॅरेजवाल्याला द्या, ते अधिकृत रिसायकलिंगवाल्यांना देतात. देण्याआधी त्यांना विचारून घ्या. फिल्टरही उलटा ठेवून पूर्ण निथळू द्या, मगच द्या.

स्पॅनर | ६:३५
हे बरोबर आहे. आमच्याकडे ड्रम भरला की गाडी येऊन घेऊन जाते.

ऐरोलीकर | ८:१०
सुटला. राबाळे यांचा पाना खालून लावला, रॅचेट एक्सलच्या बाजूने फिरवला. कडकन आवाज आला तेव्हा वाटलं डबा फाटला, पण पॅकिंग सुटल्याचा आवाज होता. आणि वर्तकनगर, पॅकिंग इंजिनालाच चिकटलेलं निघालं. वरून दिसतच नव्हतं, बोट फिरवल्यावर कळलं. तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्याच्यावरच नवा बसवला असता आणि आईला घेऊन घाटात गेलो असतो. मनापासून आभार.

नवा बसवून ऑईल भरलं. वॉशर जुनाच आहे. चेंबरच्या बोल्टपाशी गळत नाही. चालेल का?

वर्तकनगर_ठाणे | ८:१६
ॲल्युमिनियमचा असेल तर तो एकदाच दबतो, खरं तर दर वेळी नवा हवा. आता ऑईल भरलंय, बोल्ट परत काढू नका आणि गळत नाही म्हणून जास्त आवळूही नका, चेंबरचे आटे गेले तर खर्च मोठा. इंजिन सुरू करून ऑईलचा दिवा विझतो का बघा, दोन मिनिटं चालू द्या, खाली टॉर्च मारून फिल्टर आणि बोल्ट दोन्ही पहा. बंद करून थांबा, मग डिपस्टिकवर ऑईलची पातळी बघा. पहाटे निघण्याआधी खाली पुठ्ठा अंथरून ठेवलेला असेल तर थेंब कळेल.

ऐरोलीकर | ८:३४
दिवा विझला. कोरडं आहे. पुठ्ठा टाकला. राबाळे, पाना परत आल्यावर आणून देतो, उद्या जमणार नाही.

राबाळे_एमआयडीसी | ८:३७
सावकाश द्या. आईंना नमस्कार.

घणसोली_सीमा | ९:०२
हाच पंजाचा पाना माझ्या जुन्या ॲक्टिव्हाच्या ऑईल फिल्टरला चालेल का? मोठा पडेल का?

दिघा_फाटा | ९:०६
जुन्या ॲक्टिव्हाला असा डब्याचा फिल्टर नसतो, आत जाळी असते. ती काढून रॉकेलने धुवायची, वाळवायची आणि परत लावायची. किती सालची आहे ते सांगा.